बांध कुणाला कळतो?

॥ रामकृष्ण हरि ॥

सज्जनहो, नामदेवरायांच्या पुढ्यातली भाकरी कुत्र्याने पळविली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ही कथा आपण कीर्तनात ऐकतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. पण आपल्याच माळावर कोणी हरणामागे कुत्री सोडली, तर ती कथा आठवते का?

अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. हरणाला हद्द काय ठाऊक? माळरानाच्या कोणत्याही गावी हरभरा कोवळा असला की कळप शेतात उतरतो. मग एक शेतकरी शिकाऱ्यांना म्हणतो, "सोडा कुत्री माझ्या रानात." शेजारी म्हणतो, "माझ्या बांधाच्या आत नकोत." पण सुटलेले कुत्रे बांधाशी थांबते होय? ते शेजाऱ्याच्या उभ्या पिकातून धावते. मग शिव्या, काठ्या, कोर्टकचेरी!

आणि सापडते कोण? तगडे काळवीट वाऱ्यासारखे निघून जाते. सापडते ती गाभण मादी, नाहीतर गवतात निपचित पडलेले पाडस.

कोणी म्हणेल, "महाराज, पीक आमचे जाते आणि दया तुम्ही सांगता!" खरे आहे. ज्याचे पीक गेले त्याला दोष देऊन भूतदया शिकविता येत नाही. त्याचे नुकसान गावाने आपले मानावे. वनखात्याला ताबडतोब कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाईची तरतूद आहे. लिहिता येणाऱ्याने दुसऱ्याचा अर्ज लिहून द्यावा. राखणीला पाळीपाळीने जावे. हीसुद्धा विठ्ठलाचीच सेवा, बरं का!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कुत्री लावून नुसता पाठलाग करणे हीदेखील शिकारच ठरते, मग हरीण स्वतःच्या शेतात का आलेले असेना. काळविटाच्या शिकारीला निदान ३ वर्षांची कैद आहे. पण कैदेच्या भीतीने थांबलेला हात अंधार पडला की पुन्हा सुटतो. मनातून थांबला तोच खरा थांबला.

कुत्र्याचा यात दोष नाही. त्याने आपला स्वभाव पाळला. नामदेवरायांनी त्या मुक्या जीवात विठ्ठल पाहिला. आपण मात्र एका विठ्ठलाच्या गळ्यातला दोर सोडून त्याला दुसऱ्या विठ्ठलावर धाडतो! बांध कुत्र्याला कळत नाही, हरणाला कळत नाही. ती समज देवाने माणसाला दिली. म्हणून पाप दात लागतो तेव्हा घडत नाही, दोर सुटतो तेव्हाच घडते. ते पाहून गप्प बसणाराही त्याचा वाटेकरी होतो. ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ, त्याची जबाबदारी तर दुप्पट.

म्हणून मायबाप, एवढेच करा. अशा भांडणाने ज्याच्याशी अबोला धरला असेल, त्याच्या दारी वारीआधी जा आणि म्हणा, "आज तुझ्या रानाची राखण माझ्याकडे." मग पंढरीची वाट धरा.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!