खुर्चीची मुदत

पांढुर्णा व सौसर येथील आपली मुले पदवीसाठी ज्या विद्यापीठाकडे पाहतात ते वेळोवेळी बदलत गेले. प्रथम 1923 सालचे नागपूर विद्यापीठ, मग 1946 सालचे सागर विद्यापीठ, आणि आता 2019 साली निघालेले छिंदवाड्याचे विद्यापीठ, ज्यास राजा शंकर शाह यांचे नाव आहे. 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी विद्यापीठ छिंदवाड्याचेच राहिले. त्याच्या प्रमुखास पूर्वी कुलपती म्हणत. 2024 साली मध्य प्रदेश शासनाने कुलगुरू हे नाव घेतले. मराठी कानांस ते काही नवे नाही.

या खुर्चीवर एकाने किती काळ बसावे? मध्य प्रदेशाचा 1973 चा कायदा चार वर्षे सांगतो. शेजारच्या महाराष्ट्राचा 2016 चा कायदा पाच वर्षे किंवा वयाची 65 वर्षे, जे आधी येईल ते, सांगतो आणि त्याच विद्यापीठात पुन्हा नेमणूक नाही असेही बजावतो. महाविद्यालयाच्या प्राचार्यासही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनी पाच वर्षे, व काम पाहून फार तर आणखी एक मुदत आहे.

पण माणूस चांगला असला तर? परीक्षा वेळेवर, निकाल वेळेवर, हिशेब स्वच्छ. अशा मनुष्यास केवळ तारीख पाहून उठविणे न्यायाचे होईल काय?

सत्तेने माणूस बिघडतो म्हणून मुदत हवी, असे सामान्यतः म्हणतात. आम्हांस हे उत्तर अपुरे वाटते. वाईट अधिकाऱ्यासाठी तक्रार आहे, चौकशी आहे. चांगल्यास मात्र कोणीच हलवीत नाही. त्याच्या सावलीत हाताखालचे लोक निर्णय घेण्याचे विसरतात; साध्या कागदावर सही करण्यापूर्वीही “साहेबांना विचारा” म्हणतात. पुढे त्यालाही कळेनासे होते की आपण संस्थेचे काम करतो की संस्थाच आपली झाली. मुदत खरी हवी ती अशा भल्या माणसासाठी.

पवित्र शास्त्रात गणना 8 मध्ये लेव्यांची सेवा पंचविसाव्या वर्षी सुरू होते व पन्नासाव्या वर्षी थांबते. त्यांच्यावर कोणताही दोष ठेवलेला नाही. त्यांना घरी धाडलेलेही नाही. दर्शनमंडपात त्यांनी भाऊबंदांस साहाय्य करावे, ओझे मात्र दुसऱ्यांनी वाहावे. मिशनरी डॉ. जॉन विल्सन 1868 साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तेव्हाही 1857 च्या कायद्याने ती मुदत दोनच वर्षांची होती. डॉ. हरिसिंग गौर यांनी तर सागर विद्यापीठास स्वतःची कमाई दिली. तरीही ते विद्यापीठ होते, त्यांची इस्टेट नव्हती.

मुदतीला किंमतही मोजावी लागते, हे लपवू नये. चार वर्षांतले पहिले वर्ष ओळख करून घेण्यात जाते, शेवटचे नवा कोण येणार या कुजबुजीत. मधल्या काळात खरे राज्य जुन्या बाबूचे. त्याच्या टेबलास मुदत नसते! आणि मुदत आधी ठरलेली असावी. नकोसा माणूस घालविण्यासाठी ती मध्येच आखूड करणे हा निराळाच लोभ होय.

आमच्या मंडळ्यांत, शाळांच्या कमिट्यांत, शब्बाथशाळांतही वीस-वीस वर्षे एकच सुपरिंटेंडेंट किंवा खजिनदार असतो, आणि बहुधा तो प्रामाणिक असतो. त्यांच्याविषयी आम्ही कृतज्ञ आहो. पण कपाटाची किल्ली आणखी कोणाजवळ आहे, हे एकदा विचारून पाहावे.

कायदा जाण्याचा दिवस सांगतो, सोपविण्याची रीत सांगत नाही. गणना 27 मध्ये मोशेने सर्व मंडळीदेखत यहोशवावर हात ठेवले आणि आपल्या अधिकाराचा काही भाग त्याला दिला. त्या वेळी मोशे हयात होता व त्याच्या अंगचा जोरही कमी झालेला नव्हता.