हातावरचं यीस्ट

चि. मनूस,



काल फोनवर तू रडवेली झाली होतीस. प्रॅक्टिकलला सगळ्या बॅचने हातांचे स्वॉब लावले, आणि तुझ्याच सॅबुरॉड अगारच्या प्लेटवर यीस्टच्या पांढऱ्या, मलईसारख्या कॉलनी दाट उगवल्या. होस्टेलवर कुणीतरी म्हणालं, फ्लुकोनॅझोल घेऊन टाक. ती बुरशीवरची गोळी घेऊ नकोस.

यीस्ट अंगावर असणं वेगळं आणि यीस्टचा आजार होणं वेगळं. कँडिडा अल्बिकन्स कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात, आतड्यात गुपचूप राहते. दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या हातांवर कँडिडा पॅराप्सिलोसिस पुष्कळदा सापडते. तुझी त्वचा शाबूत आहे, प्रकृती चांगली आहे. तुला काही होणार नाही. उगाच घेतलेल्या फ्लुकोनॅझोलने एवढंच होईल, की त्या औषधाला दाद न देणारं यीस्ट मागे उरेल.

मला काळजी वाटते ती तू ज्यांना हात लावतेस त्यांची. हीच पॅराप्सिलोसिस प्लॅस्टिकला चिकटते आणि सेंट्रल लाइनच्या नळीच्या आत थर धरते. एनआयसीयूतल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला त्याच नळीतून पोषण चाललेलं असतं. तिथून ती थेट रक्तात जाते.

आणि वॉर्डात विद्यार्थ्यांइतकं कुणी फिरत नाही. सिस्टरना आपले बेड नेमून दिलेले असतात, निवासी डॉक्टरांना आपलं युनिट असतं. तुम्ही आज मेडिसिनला, पुढच्या महिन्यात सर्जरीला, मग बालरोग विभागात. शिवाय ज्याची प्लीहा हाताला छान लागते, त्याच्या पोटावर अख्खी बॅच एकामागून एक हात ठेवते. त्या माणसाला उपचार म्हणून त्या स्पर्शांचा काडीचा उपयोग नसतो. तो तुम्हाला शिकू देतो. त्याचे हे उपकार आहेत, आणि म्हणून तुमचे हात इतरांपेक्षा जास्त स्वच्छ हवेत, असं मी आयुष्यभर वर्गात सांगत आले.

आता तर कँडिडा ऑरिसही आहे. 2009 मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून मिळालेल्या यीस्टवरून तिचं वर्णन झालं. 2013 मध्ये दिल्लीतल्या रुग्णांच्या रक्तात ती सापडल्याचं प्रसिद्ध झालं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला सर्वांत गंभीर बुरश्यांच्या गटात घातलं. फ्लुकोनॅझोल तिच्यावर बहुधा चालत नाही. ती काखेत, जांघेत राहते, आणि खाटेच्या कठड्यावरही बरेच दिवस तग धरते. ऑक्सफर्डच्या एका न्यूरो आयसीयूत 2015 ते 2017 या काळात ती पसरत राहिली. सत्तर रुग्णांमध्ये ती सापडली. शोध घेता घेता बोट गेलं ते काखेत लावायच्या, एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या तापमापकांवर. ते काढून टाकले तेव्हा कुठे साथ ओसरली. हे वाचल्यापासून मला तुमच्या गळ्यातला स्टेथोस्कोप दिसतो. प्रत्येक रुग्णानंतर त्याचं तोंड अल्कोहोलने पूस, आणि बीपीचा कफही विसरू नकोस.

हातांचं म्हणशील तर, हँडरबचे दोन थेंब चोळून चालत नाही. तळवा भरून घे, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं सगळं ओलं होऊ दे आणि वाळेपर्यंत चोळ. वीस-तीस सेकंद लागतात. ग्लोव्ह घातले म्हणून हे टळत नाही, काढल्यावरही करायचं. नखं बारीक काप, खोटी नखं तर नकोतच. अंगठी होस्टेलवर राहू दे. मनगटातला लाल दोरा आजीने बांधला आहे, ठाऊक आहे मला. तो वॉर्डात दिवसभर ओला राहतो. आजीशी मी बोलते.

ओल ही यीस्टची आवडती जागा. घामेजल्या ग्लोव्हमध्ये तासन् तास राहिलेली बोटं, पावसात भिजलेले बूट, पायाच्या चिखल्या, सगळं त्याच्या सोयीचं. आणि घसा जरा धरला की अझिथ्रोमायसिन घेण्याची तुमच्या होस्टेलवरची सवय सोडा. जिवाणू मरतात, रिकाम्या जागी यीस्ट फोफावतं.

राउंड पुढे सरकत असतो, सर बोलत असतात, अशा वेळी हँडरबसाठी थांबायची लाज वाटते. तू थांब. सर रागावले तरी थांब.

ती प्लेट टाकू नकोस. तुमच्या मॅडमना विचारून त्यातली एक कॉलनी सीरममध्ये घालून 37 अंशांवर दोन-तीन तास ठेव आणि मायक्रोस्कोपखाली पाहा. जर्म ट्यूब फुटली तर बहुधा अल्बिकन्स. नाही फुटली तर क्रोमअगारवर लावायला सांग. नखाच्या कडेला नखुरडं झालेलं असलं, तर त्या हाताने आयसीयूत जायच्या आधी मॅडमना दाखव. यीस्टची जात कळली की मला लगेच फोन कर.

तुझी,
आत्या