उटण्याचा नफा आणि अर्थशौच

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शौचाचे, म्हणजे शुद्धीचे, विवेचन करताना अर्थशौचाला, म्हणजे द्रव्यार्जनातील सचोटीला, सर्वांत वरचे स्थान दिले असून, माती आणि पाणी यांनी अंग स्वच्छ केलेला मनुष्य द्रव्यव्यवहारात अशुद्ध असेल तर तो शुद्ध ठरत नाही, असे तेथे प्रतिपादिले आहे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी घरी उटणे करून विकणाऱ्या स्त्रीला हे वचन विशेषत्वाने लागू पडते, कारण शरीरशुद्धीचे साधन हाच तिचा माल असतो.

नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद आणि चंदन एकदा कुटून वस्त्रगाळ केले की त्यांत चंदन खरोखर किती आहे, हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही. उटणे घरापुरते होत असे तेव्हा करणारे आणि लावणारे हात एकाच घरातले असल्याने हा प्रश्न उद्भवत नसे, विक्रीत मात्र सारा भार विक्रेतीच्या सचोटीवर येतो. याज्ञवल्क्यस्मृतीत औषध, तेल-तूप, गंधद्रव्ये इत्यादींत हलका माल मिसळणाऱ्यास 16 पणांचा (पण म्हणजे त्या काळचे नाणे) दंड सांगितला आहे, त्यामागे हीच जाण असावी. ‘घरगुती’ असणे हा शुद्धतेचा पुरावा नव्हे, आणि सौंदर्यप्रसाधने विक्रीसाठी बनवण्यास परवाना आवश्यक ठरवणारा 1940 चा कायदाही तसे मानत नाही.

परंतु अर्थशौचाचा विचार गिऱ्हाइकापाशी थांबवणे अन्यायाचे होईल. याज्ञवल्क्याने लवकर विकल्या जाणाऱ्या स्वदेशी मालावर शेकडा 5 आणि परदेशी मालावर शेकडा 10 इतका लाभ मान्य केला, तो व्यापाऱ्याने मोजलेल्या खर्चावर. घरच्या व्यवसायात मात्र निवडणे, वाळवणे, कुटणे, गाळणे, पुड्या बांधणे यांत गेलेले तास खर्चात धरलेच जात नाहीत, त्यामुळे साहित्याचे पैसे वजा जाता जे उरते त्याला नफा म्हटले जाते, जरी त्यातला मोठा भाग वस्तुतः मजुरीचा असतो. या हिशेबातली फसवणूक करणारीच्याच वाट्याला येते, आणि ती कोणी दोषी नसतानाही घडते, म्हणून अधिक खोल आहे.

या फसवणुकीला परंपरेचे पाठबळही होते: स्त्रीने शिल्पाने, म्हणजे हस्तकौशल्याने, मिळवलेल्या धनावर स्मृतिकार कात्यायनाने पतीचे स्वामित्व सांगितले होते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 ने हिंदू स्त्रीची कौशल्याने वा परिश्रमाने मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिचीच ठरवली. तरीही उटण्याचे पैसे घरखर्चात मिसळून जातात तोवर ते मोजण्याची वेळच येत नाही, आणि पुढच्या दिवाळीला पुडीची किंमत ठरवताना तिचे श्रम पुन्हा शून्य धरले जातात.