आज्ञा कोणाची, आणि कुठपर्यंत?

"मी सांगतो म्हणून कर." हे वाक्य आपल्यापैकी कोणी लहानपणी ऐकले नाही? अलिबाग, पेण, रोह्याकडच्या आपल्या घरांत वडिलांचा शब्द शेवटचा असे. समाजात काजी आणि मुकादम यांचा शब्द चाले. जो पलटणीत भरती झाला त्याला तर हुकूम हाच धर्म वाटे. पुढे आपण पांगलो. कोणी लोद, अश्दोद, दिमोनाला गेले, कोणी इंग्लंडला, कोणी अमेरिकेला. मुले नव्या मुलखात वाढली आणि विचारू लागली, "पण का?" इस्राएलमधली तीच मुले अठराव्या वर्षी गणवेश चढवतात आणि त्यांना असे हुकूम मिळतात की ज्यांवर दुसऱ्यांचे प्राण अवलंबून असतात. तेव्हा आज्ञापालन हा गुण कुठे संपतो आणि अपराध कुठे सुरू होतो, हा प्रश्न केवळ पंडितांसाठी नाही. तो आपल्या घरातला आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात ज्या फ्रीमाँट शहरी राहतो, त्या शहराच्या मातीतच हा प्रश्न पुरलेला आहे. आज येथे सव्वादोन लाखांहून अधिक वस्ती आहे आणि भाजीच्या दुकानात मराठी शब्द सहज कानी पडतो. सेंटरव्हिल, नाइल्स, आयर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावे एकत्र करून 1956 साली हे शहर स्थापन झाले. त्यातले मिशन सॅन होजे हे स्पॅनिश ख्रिस्ती साधूंनी 1797 साली वसवलेले धर्मठाणे. आणि शहराला नाव मिळाले ते जॉन चार्ल्स फ्रीमाँट या लष्करी अधिकाऱ्याचे. धर्माची आज्ञा आणि लष्कराचा हुकूम, दोन्हींची गोष्ट एकाच गावात सापडते.

पण त्याआधी एक जुनी गोष्ट पाहू. ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानात एका रोमी शताधिपतीची कथा आहे. ती घडली आपल्या गालीलातल्या केफार नाहूम येथे. त्याचा चाकर आजारी पडला. येशूने घरी यायची तयारी दाखविली, तेव्हा तो सैनिक म्हणाला की, येण्याचे कारण नाही, नुसता शब्द पुरे. कारण मीसुद्धा दुसऱ्याच्या ताब्यातला माणूस असून माझ्या हाताखाली शिपाई आहेत, आणि हुकूम कसा चालतो ते मला ठाऊक आहे. ख्रिस्ती उपदेशक या कथेवरून श्रद्धा आणि आज्ञापालन यांचे नाते सांगतात. आपण त्यांच्या धर्माचे नाही, तरी या सैनिकाच्या बोलण्यातली एक गोष्ट आपणही घेण्यासारखी आहे. आपला अधिकार सांगताना त्याने आधी काय सांगितले? 'मी दुसऱ्याच्या ताब्यात आहे.' म्हणजे त्याचा अधिकार त्याच्या घरचा नव्हता. तो वरून आलेला, उसना होता. ज्याच्यावर कोणी नाही, त्याच्या हुकुमाला जुलूम म्हणतात.

लूकच्या वृत्तांतात आणखी एक बारीक गोष्ट आहे. त्या शताधिपतीची शिफारस करायला यहुदी वडीलधारी मंडळी आली होती, कारण त्याने त्यांना प्रार्थनामंदिर बांधून दिले होते. सैनिकाने बांधलेली मशीद म्हटली की बेने इस्राएल माणसाला कोण आठवणार? आपले समाजी हस्साजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल यहेज्केल दिवेकर. कंपनी सरकारच्या पलटणीत ते देशी अंमलदार होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटले आणि 1796 साली त्यांनी मुंबईत शाआर हारहामीम, म्हणजे आपली जुनी मशीद बांधली. कैदेत केलेला नवस त्यांनी फेडला, अशी आपल्यातली परंपरा आहे. या नवसाचा अर्थ काय? आयुष्यभर ज्याने वरिष्ठांचे हुकूम पाळले, त्याने मनाशी मानले होते की सर्वांत वरचा हुकूम कंपनीचा नाही आणि सुलतानाचाही नाही.

आता आमच्या गावाकडे वळू. मिशन सॅन होजेत ओलोनी आणि योकुट जमातींच्या हजारो लोकांना बाप्तिस्मा देण्यात आला. बाप्तिस्मा घेतलेल्याने साधूच्या परवानगीवाचून मिशन सोडून जायचे नाही, असा नियम होता. पळून गेलेल्याला शिपाई धरून आणीत आणि फटके मारीत. साधू स्वतः आज्ञापालनाचे व्रत घेतलेले होते, हे खरे. पण त्यांनी ते व्रत मोठेपणी, समजून उमजून घेतले होते. रानातून आलेल्या माणसाला कोठे ठाऊक की डोक्यावर पाणी पडले म्हणजे परतीची वाट बंद होते?

एस्तानिस्लाओ नावाचा एक योकुट माणूस या मिशनमध्ये अल्काल्दे, म्हणजे आपल्या लोकांवरचा मुकादम होता. साधूंचा विश्वासू. 1828 साली तो रजा घेऊन आपल्या मुलखात गेला, तो परतलाच नाही. आम्ही बंड केले आहे आणि शिपायांना भीत नाही, असा निरोप त्याने फादर नार्सिसो दुरान यांना धाडला. दुरान यांनी फौज मागितली. एकामागून एक तुकड्या गेल्या आणि मागे फिरल्या. अखेर 1829 साली व्हायेहो नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तोफ नेऊन एस्तानिस्लाओच्या लोकांना हुसकले. पकडलेल्या काही असहाय माणसांना शिपायांनी ठार केले. मग दुरान यांनीच या हत्यांबद्दल तक्रार केली, आणि एस्तानिस्लाओ मिशनमध्ये परत आला तेव्हा गव्हर्नरकडे रदबदली करून त्याला माफीही मिळवून दिली. आज कॅलिफोर्नियात एका नदीला आणि एका जिल्ह्याला त्याचे नाव आहे.

त्याच 1829 साली डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरले. आपल्या लोकांसाठी त्यांनी 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. मिशनच्या शाळांत आपली मुले तोरा मूळ भाषेत वाचायला शिकली. मिशनऱ्यांची इच्छा वेगळी होती, हे आपल्या पूर्वजांना दिसत नव्हते असे नाही. त्यांनी विद्या घेतली, उपकार मानले, आणि श्रद्धा आपल्यापाशी ठेवली. धर्म बदलणारे फारच थोडे निघाले. दोन्हीकडे धर्म एकच, ग्रंथ एकच. मग फरक कसला? मुंबईच्या पाद्र्याला पळालेले पोर शिपाई धाडून परत आणता येत नव्हते. त्याला पटवूनच सांगावे लागे आणि समोरच्याला 'नाही' म्हणता येत असे. म्हणूनच आजही आपण विल्सन यांचे नाव आदराने घेतो. ज्या आज्ञेला 'नाही' म्हणता येत नाही, तिला दिलेला होकार हा होकारच नव्हे.

आपल्या शास्त्रींना हे फार पूर्वी उमगले होते. सिनाय पर्वताशी आपल्या वाडवडिलांनी आधी करण्याचे आणि मग ऐकण्याचे वचन दिले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु तालमूदमध्ये एक धीट विचार मांडला आहे. देवाने डोंगर पिंपासारखा पालथा त्यांच्या डोक्यावर धरला होता. मग असे धाकाने घेतलेले वचन बांधील कसे? आणि त्याचे उत्तरही तेथेच दिले आहे. अहश्वेरोश राजाच्या काळात, म्हणजे आपल्या होळीच्या सणाच्या कथेच्या वेळी, लोकांनी तीच तोरा पुन्हा, आपखुशीने स्वीकारली. खुद्द देवाच्या आज्ञेबद्दल जर असा प्रश्न विचारता येतो, तर माणसांच्या आज्ञेची काय कथा!

येथे कोणी म्हणेल, तर मग ज्याला जे पटेल ते त्याने करावे काय? नाही. यासाठी आमच्या शहराच्या नावाचा धनी पाहण्यासारखा आहे. 1847 साली कॅलिफोर्निया नुकताच अमेरिकेच्या हाती आला होता. आरमाराचे स्टॉकटन आणि भूदलाचे जनरल कर्नी, दोघेही म्हणत की येथील अधिकार आपला. लेफ्टनंट कर्नल फ्रीमाँट भूदलाचे. तरी त्यांनी कर्नींचा हुकूम मानण्याचे नाकारले, कारण स्टॉकटन यांनी त्यांना गव्हर्नर नेमले होते. लष्करी न्यायालयाने जानेवारी 1848 मध्ये त्यांना बंड आणि आज्ञाभंग यांबद्दल दोषी ठरविले. राष्ट्राध्यक्ष पोक यांनी बंडाचा आरोप मानला नाही, बडतर्फीची शिक्षाही माफ केली; पण फ्रीमाँट यांनी राजीनामा दिला. दोन धन्यांपैकी ज्याने पद दिले तोच खरा धनी, असे म्हणणे सोपे असते.

पुढची गोष्ट अधिक अवघड आहे. 1861 साली यादवी युद्धात ते मिझुरी प्रांताचे सेनापती होते. 30 ऑगस्ट रोजी त्यांनी जाहीर केले की बंडखोरांचे गुलाम आजपासून मुक्त आहेत. वरून परवानगी घेतली नाही. लिंकन यांनी जाहीरनामा सौम्य करण्यास खासगीत सुचविले. फ्रीमाँट म्हणाले, उघड हुकूम द्या. लिंकन यांनी तसा हुकूम दिला, आणि थोड्याच आठवड्यांत त्यांना सेनापतिपदावरून दूर केले. कारण सीमेवरचे प्रांत बिथरले तर सारे युद्धच हातचे जाईल, आणि अशा प्रश्नाचा निकाल एका सेनापतीने लावायचा नसतो, असे लिंकन यांचे मत होते. ते स्वतः राज्यघटनेच्या ताब्यातले माणूस होते, त्या शताधिपतीसारखे. सुमारे सव्वा वर्षाने, 1 जानेवारी 1863 रोजी, त्यांनीच मुक्तीचा जाहीरनामा काढला.

यात कोण बरोबर? मिझुरीतल्या गुलामाला विचारले असते तर तो फ्रीमाँट यांचेच नाव घेता, आणि त्याला खोटे ठरविण्याची माझी छाती नाही. तरीही एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. वाईट काम करण्यास नकार देणे ही एक गोष्ट, आणि चांगले काम करण्यासाठी न दिलेला अधिकार हाती घेणे ही दुसरी. पहिल्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. दुसरीत माणसाने फार जपले पाहिजे. कारण आज चांगल्यासाठी घेतलेली सत्ता उद्या वाईटासाठी घेणाराही तेच शब्द वापरतो.

पहिल्या गोष्टीचा दाखला तनाखमध्येच आहे. फारोने इब्री मुलगे मारण्याचा हुकूम दिला, तो शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी पाळला नाही. शौल राजाने नोबच्या याजकांना मारण्यास सांगितले तेव्हा त्याच्या शिपायांनी हात उचलला नाही. एकटा दोएग पुढे झाला. आपल्या शास्त्रींचा नियम स्पष्ट आहे: गुरूचा शब्द आणि शिष्याचा शब्द यांत विरोध आला तर कोणाचा ऐकावा? पापाच्या कामी दुसऱ्याच्या हुकुमाची सबब चालत नाही.

इस्राएलच्या न्यायालयात हाच प्रश्न उभा राहिला. 29 ऑक्टोबर 1956 रोजी कफर कासम या अरब गावात संचारबंदीची वेळ अचानक अलीकडे आणली गेली. शेतावरून परतणाऱ्या लोकांना ते ठाऊक नव्हते. सीमा पोलिसांनी पन्नासच्या आसपास माणसे मारली, त्यांत बायका आणि मुलेही होती. 'आम्ही हुकूम पाळला' असे आरोपी म्हणाले. न्यायमूर्ती बिन्यामीन हालेवी यांनी 1958 साली निकाल दिला की जो हुकूम उघड उघड बेकायदा असतो, त्यावर जणू काळे निशाण फडकत असते, आणि तो पाळणारा सुटत नाही. शिक्षा पुढे कमी झाल्या आणि काही वर्षांतच सारे बाहेर आले, हेही सांगितले पाहिजे. पण आणखी एक गोष्ट आहे, ती मला निकालाइतकीच मोलाची वाटते. त्याच संध्याकाळी, तोच हुकूम मिळालेल्या शेजारच्या काही गावांतल्या अधिकाऱ्यांनी लोकांना घरी जाऊ दिले. हुकूम एक, वेळ एक, गणवेशही एक. म्हणजे निवड करता येत होती.

आणि आता आपल्या समाजाची गोष्ट. 1962 साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या कचेरीने विवाह लावणाऱ्यांस सूचना केली की बेने इस्राएल वधूवरांच्या पूर्वजांची पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी करावी. धर्माचा सर्वोच्च अधिकार तो. आपल्या लोकांनी काय केले? काहींच्या मनात भारतात परत जाण्याचा विचार आला असेल, काहींच्या मनात धर्मावरच राग आला असेल. परंतु समाज म्हणून त्यांनी शब्बाथ सोडला नाही, तोरा सोडली नाही आणि देशही सोडला नाही. यरुशलेममध्ये बायकामुलांसह धरणे धरले. 1964 च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, आणि त्यानंतर त्या सूचनेतून आपले नाव वगळले गेले. तोराला बांधलेली माणसे तोराच्याच आधारावर रब्बींना 'नाही' म्हणाली. ही बंडखोरी नव्हे. ज्या आज्ञेखाली रब्बी स्वतः आहेत, ती त्यांना आठवण करून दिली, इतकेच.

वाचक बंधुभगिनींनो, म्हणून घरात मूल "पण का?" विचारते तेव्हा त्याला उद्धट म्हणण्याआधी थोडे थांबावे. आपण ज्या नियमाने त्याला बांधतो, त्याने आपणही बांधलेले आहोत काय, हे त्याला दिसते. शब्बाथला दिवा लावण्याचा आग्रह धरणारा बाप स्वतः त्या दिव्यापाशी बसत नसेल, तर त्याच्या शब्दात वजन कोठून येणार? ज्या मुलाने घरात आदराने 'नाही' म्हणण्याची सवय केली आणि त्याबद्दल मार खाल्ला नाही, तेच मूल उद्या गणवेशात काळे निशाण ओळखेल. ज्याला फक्त मान डोलावण्याची शिकवण मिळाली, त्याला ते दिसणार नाही; आणि दिसले तरी बोलण्याचे बळ त्याच्यापाशी नसेल.

आज्ञा पाळणारी मुले वाढवावीत, यात शंका नाही. मात्र आज्ञा कोणाची, हे विचारण्याची मुभा त्यांना आपल्याच घरी मिळावी.