नरेंद्रनगरच्या पुलाखाली

रात्रभर झड लागलेली आहे आणि ऑफिसच्या वेळेला तुम्ही नागपुरात नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलापाशी आला आहात. पुलाखाली पाणी साचलंय. दर पावसाळ्यात साचतं. मागून हॉर्न वाजताहेत. वाजू द्या. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, दोन्ही पाय जमिनीवर टेकवा आणि हेल्मेट काढा.

आता नुसतं पाण्याकडे बघा.

पुलाच्या भिंतीवर ओली रेघ दिसते का? ती पाण्याच्या वर असेल तर पाणी ओसरतंय. मधे एखादं पान एकाच जागी गरगर फिरत असेल, तर त्याच्याखाली बहुधा चेंबर आहे. झाकण आहे की नाही, ते इथून कळणार नाही. ते पान जरा वेळ बघत राहा.

मनात काय चाललंय, तेही ऐका. बायोमेट्रिकची वेळ. साहेबांचा चेहरा. आत्ताच एक ऑटो पलीकडे निघून गेला, मग मी का थांबलो? हा प्रश्न फार जोर करतो. त्याला उत्तर द्यायची घाई नको. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी उभ्या माणसाचे पाय उखडू शकतात, फूटभरात लहान कार तरंगू लागते. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सुरू करू बघितली, की इंजिनात पाणी ओढलं जातं. ऑटोवाल्याचं पोट आजच्या सवारीवर आहे. तुमचं तसं नसेल, तर थांबणं तुम्हाला परवडतं.

श्वास सावकाश होऊ द्या. हे पाणी इथेच का आलं? पुलाखालचा रस्ता खोल खणलेला आहे. दोन्ही बाजूंच्या उतारावरचं पाणी इथे उतरतं आणि उपसल्याशिवाय लवकर जात नाही. अख्ख्या शहराचंही असंच बघा. नागपूरचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे. अंबाझरी तलाव भरला की सांडवा नाग नदीत, आणि नदी शहराच्या पोटातून पुढे कन्हानच्या दिशेने. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. अंबाझरी ओसंडला. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. सीताबर्डीला मोरभवन बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या. माणसं गेली.

त्या दिवशी चिखल उपसणारी घरं आठवा. कपाटातून काढलेली, एकमेकांना चिकटलेली मुलांची पुस्तकं. ओल्या गाद्या गच्चीच्या कठड्यावर. कितीतरी लेआउटमध्ये सिमेंटचा रस्ता घराच्या जोत्यापेक्षा उंच झालाय, तिथे साध्या पावसातही पाणी फाटकातून आत शिरतं. तुमची गाडी जोरात गेली की तिची लाटसुद्धा कुणाच्या तरी उंबऱ्यावर जाते.

राग येईल. येऊ द्या, दाबू नका. त्याला फक्त नीट जागा दाखवा. पाण्यावर राग धरण्यात अर्थ नाही, ते उताराने आलं. नदीचं पात्र आवळणं, नाल्यावर बांधकाम होऊ देणं, नाल्या न उपसताच पावसाळ्याला सामोरं जाणं, ही माणसांची कामं आहेत आणि त्यांचा जाब विचारायलाच हवा. असं थांबून केलेलं मनन म्हणजे सोसत राहणं, असं मला वाटत नाही. इथे शांत उभं राहिलेला माणूसच उद्या अर्जात नेमकं लिहू शकतो की पाणी कुठून आलं, किती चढलं, कुठलं चेंबर उघडं होतं.

आता हेल्मेट घाला. ऑफिसात फोन करून सांगा, उशीर होईल. गाडी वळवा आणि लांबच्या रस्त्याने निघा. समोरून लुना घेऊन येणारे काका दिसतील, हँडलला डबा अडकवलेला. हात करून त्यांना थांबवा. सांगा, "काका, पुढे पाणी आहे, जाऊ नका. मधे चेंबर आहे."