दान, भक्ती आणि हक्क

चेन्नईत मोठ्या नटाचा चित्रपट प्रदर्शित होतो तो दिवस उत्सवाचा असतो. चित्रपटगृहाबाहेर उभ्या केलेल्या त्याच्या भव्य प्रतिमेला हार चढतात, दुधाचा अभिषेकही होतो. हा सोहळा घडवणाऱ्या चाहत्यांच्या मंडळाला तमिळमध्ये ‘रसिगर मन्रम’ म्हणतात. ‘रसिगर’ म्हणजे आपला ‘रसिक’च; परंतु संस्कृत काव्यशास्त्रातील रसिक आस्वादापाशी थांबतो, हा रसिक रक्तदान करतो, वह्या वाटतो. एम. जी. रामचंद्रन यांनी १९७२ मध्ये पक्ष काढला तेव्हा अशी मंडळेच त्याचा आधार झाली. कमल हासन यांनी तर आपल्या चाहत्यांना समाजकार्याकडे वळवले.

या मंडळांत बहुसंख्य पुरुषच असतात. ही पुरुषी भक्ती स्त्रियांच्या हक्कांच्या कामी येऊ शकेल काय? मराठीभाषक कुटुंबात शिवाजीराव गायकवाड या नावाने जन्मलेल्या रजनीकांत यांच्या ‘मन्नन’मध्ये (१९९२) मानी उद्योजिकेला अखेर गृहिणीपद स्वीकारावे लागते. उलट कमल हासन यांनीच निर्मिलेल्या ‘मगळिर मट्टुम’मध्ये (१९९४), म्हणजे ‘केवळ महिलांसाठी’ या चित्रपटात, तीन नोकरदार स्त्रिया छळणाऱ्या वरिष्ठाला वठणीवर आणतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा ‘विशाखा’ निर्णय त्यानंतर तीन वर्षांनी, १९९७ मध्ये आला. तेव्हा चित्रपट पुढे पाहू शकतो, यात शंका नाही. प्रश्न चाहत्याचा आहे.

त्याचे उत्तर शोधताना एक परदेशी उदाहरण उपयोगी पडते. जॉस व्हेडन या अमेरिकन दिग्दर्शकाच्या ‘सेरेनिटी’ (२००५) या चित्रपटाचे खेळ त्याच्या चाहत्यांनी २००६ पासून अनेक शहरांत लावले आणि जमलेला निधी ‘इक्वॅलिटी नाऊ’ या स्त्री-हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेला दिला. व्हेडन हा सबल स्त्री-पात्रांचा निर्माता म्हणून गौरवला गेला होता. पुढे २०२१ मध्ये त्याच्याबरोबर काम केलेल्या अभिनेत्रींनीच त्याच्या वागणुकीबद्दल जाहीर तक्रारी केल्या. २०२२ मध्ये त्याने त्यांतील काही आरोप नाकारले.

आरोपांमुळे पूर्वी दिलेले दान अशुद्ध झाले, असे म्हणता येणार नाही. त्या पैशाने ज्या स्त्रीला साहाय्य मिळाले तिच्या दृष्टीने ते साहाय्य खरेच होते. दात्याचा हेतू आणि दानाचे फळ यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. गीतेने सात्त्विक दानाची कसोटी सांगितली ती दात्याच्या चित्तासाठी. घेणाऱ्याच्या भुकेला ती लावता येत नाही.

तथापि येथे एक भेद राहतोच. अन्न, वस्त्र, रक्त यांचे दान देता येते; हक्काचे दान देता येत नाही. देणाऱ्याच्या कृपेवर जो अवलंबून राहतो तो हक्क नव्हे, उपकार होय. नायकाच्या नावाने स्त्रियांना साहाय्य करणाऱ्या चाहत्याच्या मनात नायक हा दाता आणि स्त्री ही याचक, अशी रचना नकळत उभी राहते. याचकाने दात्याविरुद्ध तक्रार करू नये, हा त्या रचनेचा अलिखित नियम असतो.

म्हणून चाहत्याची खरी परीक्षा निधी गोळा करताना होत नाही. एखादी स्त्री त्याच्या आराध्य पुरुषाविरुद्ध बोलू लागते तेव्हा ती होते. त्या वेळी तो तिला कृतघ्न म्हणेल, तर आजवरचे त्याचे दान उपयुक्त ठरूनही केवळ भक्तीचाच एक उपचार होते. आरोप खरा की खोटा हे ठरण्यापूर्वीच तिला गप्प न बसवता तो तिचे म्हणणे ऐकून घेईल, तर मात्र तो स्त्रियांच्या हक्कांच्या बाजूने उभा आहे असे म्हणता येईल. आणि त्यासाठी त्याला आपली रसिकता सोडावी लागणार नाही.