देवगिरीचे काका-पुतणे

दिंडोशीची टेकडी, मालाड, बोरिवली हा सगळा जुन्या साष्टीचा मुलूख. तेराव्या शतकात इथला धनी देवगिरीच्या राजवाड्यात ठरू लागला, आणि त्या राजवाड्यात वारसाचा नियमच पक्का नव्हता.

देवगिरीचा यादव राजा कृष्ण 1261च्या सुमारास वारला. मुलगा रामचंद्र लहान, म्हणून कृष्णाचा भाऊ महादेव गादीवर बसला. त्यात वावगे काही नव्हते. महादेव पराक्रमी निघाला. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर याला त्याने समुद्रापर्यंत रेटले आणि तिथेच सोमेश्वराचा अंत झाला; साष्टी यादवांकडे आली. बोरिवलीतल्या एकसरच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मारकशिळांवर, कोरलेली वल्ह्यांच्या नौकांची झुंज हीच, असे काही अभ्यासक मानतात. काही ती याहून जुनी ठरवतात.

घात पुढे झाला. 1271 मध्ये महादेवामागे त्याचा मुलगा अम्मण राजा झाला. पुतण्यासाठी सांभाळलेले राज्य काकाच्या घरात गेले. रामचंद्र आता जाणता होता. नटांच्या मेळ्यातून वेष पालटून तो देवगिरीत शिरला, त्याने चुलतभावाला पकडले आणि त्याचे डोळे काढवले, असे महानुभाव परंपरा सांगते. रामचंद्राचा हक्क मला मान्य आहे; हे क्रौर्य नाही. याच राजाचा ज्ञानेश्वरीच्या शेवटी न्यायी म्हणून गौरव आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि इतिहास वाचताना त्यातली एकही झाकू नये.

मला जास्त बोचते ते त्यानंतरचे सुरळीतपण. महादेवाचा मंत्री हेमाद्री रामचंद्राच्याही पदरी राहिला. 1272च्या ठाण्याच्या ताम्रपटात साष्टीचा अधिकारी अच्युत नायक रामचंद्राच्या राज्यात ब्राह्मणांना गाव दान देताना दिसतो. कारभार थांबला नाही, म्हणून गादीचा नियम घालण्याची निकड कुणाला वाटली नसावी. दिल्लीतही वेगळे नव्हते: 1296 मध्ये देवगिरी लुटणाऱ्या अलाउद्दीन खिलजीने त्याच वर्षी आपला काका आणि सासरा सुलतान जलालुद्दीन याला मारून तख्त घेतले.

राजांची नावे प्रशस्तींत राहिली. नौकांवर मेलेल्यांसाठी एकसरचे दगड उरले आहेत. दिंडोशीहून मेट्रोने दहिसर पूर्वमार्गे गेले की एकसर स्थानक येते. शाळांनी मुलांना तिथे न्यावे, आणि आपणही एकदा जाऊन ते वीरगळ नीट पाहावेत.